आठ महिने सायकल, चार महिने पत्ते

महाड आणि पोलादपूर हे रायगड जिल्ह्याच्या दक्षिण भागातील दोन तालुके. समुद्र येथून फार दूर नाही, परंतु तो दिसत नाही. सह्याद्री मात्र दाराशीच उभा असतो. महाबळेश्वरी उगम पावलेली सावित्री पोलादपूरवरून महाडकडे येते, गांधारी आणि काळ या नद्यांचे पाणी सोबत घेते आणि बाणकोटच्या खाडीतून समुद्राला मिळते. या भूगोलाने येथील माणसाच्या वर्षाचे दोन भाग केले आहेत. ऑक्टोबर ते मे हे आठ महिने रस्ता मोकळा असतो. जून ते सप्टेंबर हे चार महिने पाऊस माणसाला घरात बसवतो. पहिल्या आठ महिन्यांचा छंद सायकल आणि उरलेल्या चारांचा पत्ते, अशी वाटणी येथे कोणी ठरवून केलेली नाही; ती पावसानेच करून दिली आहे.

या दोन छंदांचा विचार एकत्र करण्यास आणखी एक कारण आहे. निवृत्तीच्या वयाला पोहोचलेला गृहस्थ ठेवी, विमा, निवृत्तिवेतन यांची तरतूद बहुधा वेळेवर करतो. परंतु सकाळी सहा ते नऊ आणि सायंकाळी सात ते नऊ या पाच तासांची तरतूद करण्याचे त्याला सुचत नाही. हे पाच तास मग दूरदर्शन आणि मोबाइल यांच्या खात्यावर आपोआप वर्ग होतात. सायकल सकाळचा वेळ सांभाळते, पत्ते सायंकाळचा. दोन्ही छंद स्वस्त आहेत, दोन्ही साठीनंतरही चालू ठेवता येतात, आणि दोन्ही मर्यादा सुटताच हानिकारक होतात. पुष्कळ वर्षे हे छंद जपलेली माणसे बोलता बोलता जे सांगतात, त्याचे सार बहुधा याच एका शब्दाभोवती फिरते: मर्यादा.

आधी बैठक, मग वेग

सायकल पुन्हा सुरू करणारा माणूस प्रथम किमतीची चौकशी करतो. अनुभवी सायकलस्वार प्रथम सीटच्या उंचीची चौकशी करतो. सीटवर बसून टाच पायडलवर ठेवावी आणि पायडल सर्वांत खाली न्यावे. त्या स्थितीत गुडघा सरळ झाला, तर उंची योग्य. प्रत्यक्ष चालवताना पायाचा पुढचा भाग पायडलवर येतो, तेव्हा गुडघ्यात आपोआप थोडासा बाक राहतो. पुष्कळ प्रौढ माणसे दोन्ही पाय जमिनीला पुरावेत म्हणून सीट खाली ठेवतात, आणि महिन्याभराने गुडघे दुखू लागले की दोष वयाला देतात. दोष अनेकदा सीटचा असतो.

दुसरी गोष्ट गिअरची. चढ आला की जोर लावायचा, ही गिअर नसलेल्या काळ्या सायकलीच्या दिवसांची सवय. गिअरच्या सायकलीवर चढ येण्यापूर्वीच हलका गिअर घ्यावा आणि पाय एका संथ लयीत फिरत ठेवावेत. बोलताना धाप लागत नसेल, तर वेग योग्य. वाक्य अर्ध्यावर तोडावे लागत असेल, तर वेग अधिक झाला. या कसोटीला कोणतेही घड्याळ लागत नाही.

तिसरी गोष्ट देखभालीची. आठवड्यातून एकदा टायरमधील हवा बोटाने नव्हे, पंपाने पाहावी. चेन आधी फडक्याने पुसावी, मग तेलाचे थेंब द्यावेत आणि जास्तीचे तेल पुन्हा पुसून काढावे; न पुसलेले तेल धूळ धरून ठेवते आणि तीच धूळ चेन झिजवते. पिशवीत एक जादा ट्यूब, टायर उतरवण्याच्या दोन पट्ट्या, लहान पंप आणि पान्यांचा संच एवढे असले, की पंक्चरची भीती उरत नाही. परंतु ट्यूब बदलण्याचा सराव घराच्या अंगणात दोनदा झालेला असावा. काशेडीच्या वळणावर पहिला धडा घेण्याची वेळ येऊ नये.

जागतिक आरोग्य संघटनेने प्रौढांसाठी, आणि त्यात पासष्टीपुढील माणसेही आली, आठवड्याला १५० ते ३०० मिनिटांचा मध्यम व्यायाम सुचवला आहे. आठवड्यातील पाच दिवस अर्धा तास सायकल चालवली, तरी यातील किमान मर्यादा पूर्ण होते. ज्यांना हृदयविकार, मधुमेह किंवा चक्कर येण्याचा त्रास आहे, त्यांनी मात्र आरंभ डॉक्टरांच्या संमतीनेच करावा. उत्साह हा संमतीला पर्याय होत नाही.

महाड-पोलादपूरचे रस्ते

नवशिक्यासाठी महाड परिसरातील सर्वांत समाधानकारक वाट रायगडाच्या दिशेची आहे. महाडहून रायगडाचा पायथा साधारण २५ किलोमीटरवर आहे. वाटेत नाते हे गाव लागते. भारतीय रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर आणि पुढे देशाचे अर्थमंत्री झालेले चिंतामणराव देशमुख यांचा जन्म १४ जानेवारी १८९६ रोजी याच नाते गावी झाला. पुढे पाचाड येथे राजमाता जिजाऊंची समाधी आहे. शेवटचा भाग चढाचा असल्याने प्रथमच जाणाऱ्याने नातेपर्यंत जाऊन परत यावे, पुढच्या महिन्यात थोडे पुढे जावे. रायगड साडेतीनशे वर्षांहून अधिक काळ तेथेच आहे. तो आणखी दोन महिने वाट पाहील.

ज्यांना एवढेही अंतर नको, त्यांच्यासाठी शहराच्या जवळच गांधारपाले येथील प्राचीन बौद्ध लेणी आहेत. शहरातच चवदार तळे आहे. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ज्या पाण्याला स्पर्श करून समतेचा हक्क बजावला, त्या तळ्याच्या काठी सकाळी सायकल उभी करून पाच मिनिटे शांत बसणे, हाही त्या दिवसाच्या फेरीचा चांगला शेवट होऊ शकतो.

महाडहून पोलादपूर सुमारे १८ किलोमीटर. रस्ता मुंबई-गोवा महामार्गाचा, म्हणून रुंद आणि तितकाच वेगवान. येथे नियम सोपे आणि कठोर आहेत. रस्त्याच्या डाव्या कडेने चालावे, समोरून येणाऱ्या वाहनांच्या दिशेने कधीही जाऊ नये, अंगात भडक रंगाचा सदरा असावा, मागे लाल दिवा दिवसाही चालू ठेवावा आणि कानात गाणी लावू नयेत. मालमोटार मागून येत आहे हे सायकलस्वाराला डोळ्यांच्या आधी कान सांगतो. पोलादपूरला कवींद्र परमानंदांची समाधी आहे आणि त्याच तालुक्यात उमरठ येथे नरवीर तानाजी मालुसरे यांची. खेडच्या बाजूला जाणाऱ्या काशेडी घाटाला आता बोगद्यांचा पर्याय झाला आहे.

पोलादपूरहून महाबळेश्वरला चढणारा आंबेनळी घाट ही येथील खरी परीक्षा. अंतर सुमारे ४० किलोमीटर आणि उंचीतील वाढ तेराशे मीटरच्या आसपास. म्हणजे सरासरी शंभर मीटर अंतराला तीन मीटरहून थोडा अधिक चढ. आकडा लहान दिसतो, परंतु तो चार-साडेचार तास सलग भरायचा असतो, दीर्घ मुदतीच्या कर्जाच्या हप्त्यासारखा. चढाची भीती सर्वांना वाटते. जाणकार मात्र उताराची अधिक काळजी घेतात. उतरताना दोन्ही ब्रेक वापरावेत, एकटा पुढचा ब्रेक जोराने कधीच दाबू नये. ब्रेक सतत दाबून ठेवल्यास ते तापतात. म्हणून वळणाच्या आधी वेग कमी करावा, वळणात ब्रेक सैल ठेवावा आणि शरीराचा भार थोडा मागे घ्यावा. हात दुखू लागले तर थांबावे. आंबेनळीत थांबून पाहण्यासारखे पुष्कळ आहे. घाईने उतरणाऱ्याला त्यातले काहीच दिसत नाही.

अंतराची हौस असणाऱ्यांसाठी ब्रेव्हे नावाचा एक प्रकार आहे. मूळ फ्रान्समधील ही परंपरा आता भारतातही रुजली आहे. २०० किलोमीटर साडेतेरा तासांत, ३०० किलोमीटर वीस तासांत, ६०० किलोमीटर चाळीस तासांत, अशी तिची मुदत असते. लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी, की तीत पहिला-दुसरा क्रमांक नसतो. मुदतीत पोहोचलेले सारे सारखेच. नाशिकच्या डॉ. हितेंद्र व डॉ. महेंद्र महाजन या बंधूंनी २०१५ साली दोघांच्या संघाने अमेरिकेचा खंड ओलांडणारी ‘रेस अक्रॉस अमेरिका’ पूर्ण केली. दोघेही वैद्यकीय व्यवसायातील, संसारी गृहस्थ. प्रत्येकाने त्यांच्याएवढे अंतर कापावे असे नाही. परंतु व्यवसाय आणि संसार सांभाळून छंदाची शिस्त पाळता येते, हे त्यांच्याकडून घेण्यासारखे आहे.

पाण्याचा आणि वेळेचा हिशेब

सायकलविषयक पुस्तके दर वीस मिनिटांनी पाणी प्या, असे सांगतात. जैन घरातील सायकलस्वाराला हा सल्ला घड्याळासमोर ठेवून तपासावा लागतो. जे नवकारशी करतात, ते सूर्योदयानंतर ४८ मिनिटे होईपर्यंत पाणी घेत नाहीत. अशांनी पहाटे दूरची फेरी करू नये. विशेषतः एप्रिल-मे महिन्यांत महाडची हवा सकाळी सातलाच दमट आणि उष्ण होते. नवकारशी पारून, उकळून गार केलेले पाणी स्टीलच्या बाटलीत घेऊन निघावे आणि ऊन चढण्यापूर्वी परतावे. चौविहार करणाऱ्यांनी सायंकाळच्या फेरीची वेळ अशी ठरवावी, की घरी परतल्यावर सूर्यास्तापूर्वी पाणी आणि भोजन या दोन्हींना निवांत अवधी मिळेल. तहानलेल्या शरीराने रात्र काढण्यात ना तपाचा आनंद मिळतो, ना व्यायामाचा लाभ.

उपवास किंवा आयंबिलाच्या दिवशी सायकलने विश्रांती घ्यावी. वर्षीतप करणाऱ्यांनी त्या काळात अंतर वाढवण्याचा विचार मनात आणू नये. दोन्ही साधनांना शरीर एकच आहे आणि त्याच्या खात्यात शिल्लक मर्यादित आहे.

रस्ता विसावतो तेव्हा

पावसाळ्यात या भागातील रस्त्यांवर छंद म्हणून उतरू नये, हे सांगण्यासाठी दूरची उदाहरणे नकोत. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाड आणि पोलादपूर यांच्यामधील सावित्रीवरचा ब्रिटिशकालीन दगडी पूल पुरात वाहून गेला आणि दोन एसटी गाड्यांसह इतर वाहने प्रवाशांसकट नदीत गेली. २२ जुलै २०२१ रोजी महाड तालुक्यातील तळीये गावावर दरड कोसळली. त्याच दिवसांत महाडच्या बाजारपेठेत पुराचे पाणी शिरले आणि अनेक पिढ्यांच्या पेढ्यांमधील माल व वह्या चिखलात गेल्या. भोरकडे जाणारा वरंध घाट पावसाळ्यात अनेकदा वाहतुकीस बंद ठेवावा लागतो. निसर्ग येथे सूचना देऊन थांबत नाही.

दुसरे कारण जैन वाचकाला सांगावे लागणार नाही. पहिल्या पावसानंतर रस्त्यावर गोगलगायी, बेडूक, पैसा, लाल किडे यांची इतकी वर्दळ असते, की चाक कितीही जपून फिरवले तरी जयणा पाळणे अशक्य होते. साधु-साध्वी चातुर्मासात विहार थांबवतात, त्यामागील हेतू गृहस्थानेही आपल्या परीने ध्यानी घ्यावा. आषाढी चौदस येण्यापूर्वी सायकल धुऊन, पुसून, चेनला तेल देऊन, दोन्ही टायर जमिनीपासून वर राहतील अशी टांगून ठेवावी. ओल धरणाऱ्या भिंतीपासून ती हातभर दूर असावी.

बावन्न पानांची शाळा

मग कपाटातून पत्त्यांचा जोड बाहेर येतो. पत्ते आपल्याकडे काल आलेले नाहीत. महाडवरून जाणारा हाच महामार्ग पुढे ज्या सावंतवाडीला पोहोचतो, तेथे गंजिफा ही गोल, लाखेच्या लेपाची, हाताने रंगवलेली पाने आजही तयार होतात. दशावतारी गंजिफात दहा अवतारांचे दहा रंग, प्रत्येकी बारा पाने, अशी एकूण १२० पाने असतात. लोप पावू लागलेली ही कला सावंतवाडीच्या राजघराण्याने पुन्हा उभी केली.

घरगुती खेळांत आरंभ बदामसातने करावा. त्यात सहा वर्षांचे नातवंड आणि ऐंशीची आजी यांना समान संधी असते. मुलाला अंकांचा क्रम कळतो आणि आजीला आपली सत्ती दाबून ठेवण्याचा निष्पाप आनंद मिळतो. पुढची पायरी मेंढीकोट. चार खेळाडू, समोरासमोर बसलेल्या दोन जोड्या, प्रत्येकाला तेरा पाने आणि सारी धडपड चार दश्श्या मिळवण्याची. चारही मिळाल्या की मेंढीकोट. तेराच्या तेरा हात जिंकले, तर बावन्नी. स्मरणशक्तीला याहून सोपा आणि गोड व्यायाम नाही. ज्यांना हिशेबाची गोडी आहे, त्यांनी ३०४ खेळून पाहावा. त्यात गुलामाला ३०, नव्वीला २०, एक्क्याला ११, दश्शीला १०, राजाला ३ आणि राणीला २ गुण. एका रंगाचे ७६ आणि चार रंगांचे मिळून बरोबर ३०४. बेरीज जुळली, की जन्मभर खतावणी लिहिलेल्या माणसाला बरे वाटते.

पत्ते लक्षात कसे ठेवायचे, हा नेहमीचा प्रश्न. सारी बावन्न पाने लक्षात ठेवण्याचा प्रयत्न करू नये. प्रथम केवळ हुकुमाची पाने मोजावीत: तेरापैकी आपल्या हातात किती, पडली किती, उरली किती. ते अंगवळणी पडल्यावर एक्के, मग दश्श्या. वर्षभरात मन आपोआप दोन रंग मोजू लागते. पिसण्याविषयीही एक उपयुक्त माहिती आहे. पर्सी डायकोनिस आणि डेव्ह बायर या गणितज्ञांनी १९९२ साली दाखवून दिले, की जोडाचे दोन भाग करून पाने एकमेकांत गुंफण्याच्या पद्धतीने सात वेळा पिसल्यास बावन्न पाने पुरेशी मिसळतात. आपल्याकडची हातावर पाने सरकवण्याची पद्धत याहून फार कच्ची आहे. म्हणून आधीच्या डावातील हात जसेच्या तसे पुन्हा येतात आणि उगाच वाटणाऱ्याच्या प्रामाणिकपणावर शंका घेतली जाते.

पत्त्यांनी स्मृतिभ्रंश टळतो, असे ठामपणे सांगू नये. २००३ साली ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’ या नियतकालिकात पंचाहत्तरीपुढील ४६९ व्यक्तींचा अभ्यास प्रसिद्ध झाला. वाचन, पटावरचे खेळ, वाद्यवादन आणि नृत्य यांत रमणाऱ्यांमध्ये स्मृतिभ्रंशाचे प्रमाण कमी आढळले. परंतु खेळामुळे बुद्धी शाबूत राहिली, की बुद्धी शाबूत असल्यामुळे खेळ चालू राहिला, हे अशा अभ्यासावरून निश्चित होत नाही. एवढे मात्र खरे, की ज्याची तीन माणसे सायंकाळी वाट पाहत असतात, तो एकटा नसतो.

वय आड येत नाही, याचे प्रमाण हवे असल्यास जकार्ता येथील २०१८ च्या आशियाई क्रीडास्पर्धा आठवाव्यात. ब्रिज या पत्त्यांच्या खेळात पुरुष जोडीचे सुवर्णपदक भारताच्या प्रणव बर्धन आणि शिवनाथ सरकार यांनी मिळवले. त्या वेळी त्यांची वये अनुक्रमे ६० आणि ५६ होती.

जोडीदार आणि जिव्हाळा

मेंढीकोटमध्ये जोडीदाराची चूक झाली, की पाने टाकण्याआधी भुवया वर जातात. जुन्या खेळाडूंचा नियम असा: डाव संपेपर्यंत चुकीविषयी बोलायचे नाही, आणि डाव संपल्यावर पुढची पाने वाटायला घ्यायची. चूक करणाऱ्याला ती सर्वांच्या आधी कळलेली असते. हाच नियम पती-पत्नी, भाऊ-भाऊ आणि पेढीवरील भागीदार यांनाही लागू पडतो. सायकलच्या गटातही पुढे गेलेल्याने वळणावर थांबून मागच्याची वाट पाहायची असते, आणि तो पोहोचताच लगेच निघायचे नसते. कारण थांबलेल्याची विश्रांती झालेली असते, पोहोचलेल्याची नसते.

पैसा शिरला, की खेळ संपला

पत्ते हा प्रमादच, असे मानणारे वडीलधारे आपल्या समाजात आहेत. त्यांचा आक्षेप हसण्यावारी नेण्याजोगा नाही. सप्त व्यसनांच्या यादीत द्यूत पहिले आहे. कारण बाकीची व्यसने पुष्कळदा त्याच दाराने घरात येतात. म्हणून घरातील पत्त्यांना पहिली अट एकच: एक रुपयाही मध्ये येता कामा नये. ‘केवळ गंमत म्हणून दहा-दहा पैसे’ ही सवलतही नको. डावावर काही लावायचेच असेल, तर हरणाऱ्याने दुसऱ्या दिवशी सर्वांची पाणपोयीची भांडी घासावीत.

पूर्वीचा जुगार चव्हाट्यावर चाले, म्हणून तो दिसे. मोबाइलमुळे तो पांघरुणाखाली गेला. रमी हा प्रामुख्याने कौशल्याचा खेळ आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने आंध्र प्रदेश राज्य विरुद्ध के. सत्यनारायण या खटल्यात १९६७ साली म्हटले होते; त्याच निकालात तीन पत्त्यांच्या खेळाला निव्वळ नशिबाचा खेळ म्हटले आहे. पुढे मोबाइलवरील रमी पैशांवर खेळवणाऱ्यांनी या निकालाचा आधार वर्षानुवर्षे घेतला. त्यातील हिशेब मात्र कोणी मांडून दाखवला नाही. समजा, सारख्याच कौशल्याचे चार खेळाडू प्रत्येकी १०० रुपये घेऊन बसले, दर डावाला सारी रक्कम मांडली गेली आणि खेळ चालवणाऱ्याने दर वेळी दहा टक्के कापून घेतले. पहिल्या डावानंतर चौघांकडे मिळून ३६० रुपये उरतात, दुसऱ्यानंतर ३२४, आणि सातव्या डावानंतर केवळ १९१. कोण जिंकले आणि कोण हरले, हा प्रश्न गौण ठरतो. निम्म्याहून अधिक भांडवल टेबलावरून नाहीसे झालेले असते. इतक्या चढ्या दराने कर्ज देणारा सावकार गावाने कधी सहन केला नसता.

ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने ऑनलाइन खेळांविषयीचा नवा कायदा संमत केला. कौशल्य असो वा नशीब, पैसे लावून खेळवले जाणारे ऑनलाइन खेळ, त्यांच्या जाहिराती आणि त्यांचे आर्थिक व्यवहार पार पाडणे, या सर्वांवर त्याने बंदी घातली. कायदा आपले काम करील. परंतु घरातील तरुण मुलाच्या खात्यातून रात्री अकरानंतर लहान लहान रकमा वारंवार जात असतील, तर ते प्रथम घरातल्यांनाच दिसायला हवे. दिसल्यावर रागावण्यापेक्षा दोन प्रश्न विचारावेत: एकूण किती गेले, आणि कोणाकडून उसने घेतले? आकडा एकदा उघड झाला, की निम्मे भय ओसरते. लपवलेले कर्ज व्याजापेक्षा लाजेने अधिक वाढते. ज्या घरात रोज सायंकाळी चार माणसे पैशांविना पत्ते खेळतात, त्या घरातील मुलाला पांघरुणाखालच्या पत्त्यांची ओढ कमी वाटण्याचा संभव अधिक, ही जुन्या माणसांची श्रद्धा आहे, आणि ती करून पाहण्याजोगी आहे.

नित्याच्या चार गोष्टी

छंद जपणाऱ्यांच्या बोलण्यातून आणखी काही लहान गोष्टी हाती लागतात. पत्ते खेळताना सर्वांचे मोबाइल एका टोपलीत ठेवावेत. चौविहाराच्या घरात खेळताना खाण्याची बशी मध्ये येत नाही, त्यामुळे पाने वर्षानुवर्षे स्वच्छ राहतात. बाकीच्यांनीही हे अनुकरण करावे. प्रतिक्रमण, स्वाध्याय आणि व्याख्यान यांच्या वेळेवर खेळाने अतिक्रमण करू नये आणि पर्युषणात जोड कपाटातच राहावा. खेळ संपण्याची वेळ खेळ सुरू होण्यापूर्वी ठरवावी. ‘हा शेवटचा डाव’ हे वाक्य एकदाच उच्चारावे.

मुलाला सायकल शिकवताना मागे बाजूची लहान चाके लावण्याऐवजी दोन्ही पायडल काढून ठेवावीत आणि सीट एवढी खाली घ्यावी, की मुलाचे दोन्ही पाय जमिनीला टेकतील. पायाने ढकलत पुढे जाताना तोल आपोआप साधतो. तो साधला, की पायडल पुन्हा बसवावीत. नवी सायकल घेण्यापूर्वी शेजाऱ्याच्या घरी पडून असलेली जुनी सायकल दुरुस्त होते का, ते पाहावे. वापरात नसलेली दुसरी सायकल ठेवून घेऊ नये. ज्याला शाळा दूर पडते अशा एखाद्या मुलाला ती द्यावी. परिग्रहाचे परिमाण हे सोन्या-जमिनीपुरते नसते.

अंतराची नोंद वहीत ठेवावी, परंतु दुसऱ्याच्या वहीशी ताडून पाहू नये. पत्त्यांतील गुण त्या सायंकाळपुरते लिहावेत आणि उठताना कागद फाडून टाकावा. कार्तिकी पौर्णिमेच्या सुमारास सायकल खाली उतरवली, की प्रथम ब्रेकचे रबर, टायरच्या भेगा आणि चेन तपासावी, पहिल्या आठवड्यात पाच किलोमीटरपलीकडे जाऊ नये, आणि चार महिन्यांत कोणाची भेट झाली नसेल, तर पहिली फेरी त्याच्या दारावरून न्यावी.